मशीन हातचा खाऊन राहिलं

साल दोन हजार पंचवीस, आणि माझं वय सत्त्याहत्तर. वय आधीच सांगून टाकतो, कारण पुढं वाचताना कोणी म्हणेल की म्हाताऱ्याची आठवण हलली असेल. हललेली नाही. शाळा मी चौथीतच सोडली, तेव्हा लिहिण्यात काने-मात्रे चुकतील, पण जे लिहितो ते झालेलं आहे. नीलिमानं वाचून काने-मात्रे नीट केले. शब्द बदलायला लागली तेव्हा कागद मी परत घेतला.

नीलिमा म्हणजे कुमुदबाईंची भाची. तिचाच फोन आला होता, सकाळी साडेनऊला. मी नंदनवनच्या घरी ओट्यावर बसून टेबलफॅन खोलून ठेवला होता, हाताला तेल. फोन कानाशी धरला तर ती म्हणाली, "काका, आत्या गेली. झोपेतच." अशा वेळी माणूस काय विचारतो? केव्हा, कसं, काय झालं होतं. मी विचारलं, "मशीन झाकलं का?" ती म्हणाली, "झाकलं काका. तुम्ही या." फॅन तसाच उघडा टाकून मी प्रतापनगरला निघालो. आयुष्यात उघडं काम टाकून उठलो तो हा दुसऱ्यांदा. पहिल्यांदाचं पुढं येईल.

कुमुदबाई कोण होत्या हे आजच्या वाचणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नाही. कॉम्प्युटर हा शब्द लोक आता डब्याला वापरतात, पण आमच्या वेळी आकडेमोड करणाऱ्या माणसाला तो शब्द होता, आणि कुमुदबाईंच्या नेमणुकीच्या कागदावर तोच लिहिला होता. शेतकीच्या एका सरकारी कचेरीत आकडेमोडीचा विभाग होता. वेगवेगळ्या वावरांत ज्वारीचे, कपाशीचे प्रयोग व्हायचे, कोणत्या पट्टीत किती पिकलं त्याचे तक्ते यायचे, आणि त्या तक्त्यांच्या बेरजा, वर्ग, सरासऱ्या काढायला चार हँडलवाली मशीनं होती. काळी, लोखंडी, एकेक चांगलं दहा-बारा किलोचं. समोर आकड्यांचे खटके. खटके लावायचे आणि उजव्या हातानं हँडल एक फेरा पुढं फिरवायचं, की आकडा खालच्या चाकांत जमा. उलटा फेरा, की वजा. गुणाकार म्हणजे तेवढे फेरे. विजेची गरज नाही. एप्रिल-मे मध्ये सगळं नागपूर पंख्याखाली मान टाकून बसायचं आणि आमच्या खोलीत खर्रर-टक, खर्रर-टक सुरू.

मी तिथं शिपाई म्हणून लागलो. त्याआधी सायकलच्या दुकानात होतो. गाव काटोलकडचं, वावर भावानं सांभाळलं. कंपनीचा मिस्त्री मुंबईहून वर्षातून एकदा मशीनं खोलायला यायचा, तेव्हा मी त्याच्या बाजूला उकिडवा बसून पाहायचो. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा तो आलाच नाही. साहेब म्हणाले, देवराव, तुम्ही पाहता का? मी पाहिलं. तेव्हापासून मी मशीनवाला देवराव झालो. चौथी नापास माणसाला बी.एस्सी. झालेल्या पोरी विचारायच्या, देवराव, हे असं का होतं? माझी छाती किती फुगली असेल ते सांगत नाही.

एकाहत्तर साली बाई विभागात आल्या. नागपूरच्या महाल भागातलं घर, घरात सगळे वकील नाहीतर मास्तर, आणि ही पंचविशीची मुलगी, आवाज हळू, पण नजर अशी की खोटा आकडा आपणहून बाजूला सरकावा. बाकीच्या मुली मशीन बिघडलं की मला हाक मारायच्या आणि चहाला निघून जायच्या. बाई स्टूल ओढून बाजूला बसायच्या. "उघडा, मलाही पाहू द्या." पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "देवराव, हातचा कुठं आहे?"

हातचा तुम्हाला माहीत आहे. सात आणि पाच बारा, दोन खाली, हातचा एक. हा हातचा मी शाळेत नेहमी विसरायचो आणि मास्तर हातावरच छडी मारायचे. शाळा सोडली ती या हातच्यापायीच. आणि त्या हातच्याला मी मशीनच्या आत पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. प्रत्येक चाकाच्या बाजूला लोखंडाची बारकी जिभली असते. चाक नवावरून शून्यावर गेलं की त्या जिभलीला धक्का देतं, आणि ती जिभली पुढच्या चाकाला एक घर सरकवते. एवढंच. मी बाईंना ती जिभली स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं दाखवली. त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "सगळं यंत्र एका बाजूला आणि ही जिभली एका बाजूला. हीच अवघड गोष्ट आहे, देवराव. बेरीज कोणीही करेल. हातचा लक्षात कोण ठेवेल?"

आता जे लिहितो ते लिहायला मला त्रेपन्न वर्षं लागली.

पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये मशीनचं तेल संपलं. मी मागणी लिहून दिली, साहेबांनी ती परत केली की वर्ष संपत आलं, आता नाही. दुसऱ्यांदा मागायला माझा स्वभाव आड आला. आमच्या घरी वडील बैलगाडीच्या लाकडाला, नांगराला जवसाचं तेल चोपडायचे. लाकूड असं चमकायचं की चेहरा दिसावा. माझ्या डोक्यात बसलं होतं की जवसाच्या तेलासारखं तेल नाही. घरून बाटली आणली आणि एका मशीनला, नेमकं बाईंच्या मशीनला, थेंब-थेंब घातलं. पंधरा दिवस ते असं चाललं की लोण्यातून सुरी. सगळ्यांनी शाबासकी दिली. तेल कोणतं ते मी सांगितलं नाही, नुसता हसलो.

जवसाचं तेल वाळतं. लाकडावर वाळतं म्हणून तर चमकतं! हे सोपं मला तेव्हा कळलं नाही. मे लागला, खोली तापली आणि तेलाचा झाला डिंक.

तक्ते वरच्या कचेरीत गेले होते, ते आकड्यांभोवती लाल गोल घेऊन परत आले. बेरजा जुळत नव्हत्या. बाईंनी दोन दिवस बसून सगळं कागदावर पुन्हा केलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडं आल्या.

"देवराव, तुमचं मशीन हातचा खाऊन राहिलं."

"मशीन नाही खात जी. तुम्ही हँडल घाईत फिरवता."

"हे पाहा. अकरा उत्तरं चुकली. अकराही ठिकाणी बरोबर दहा हजारांनी कमी. माणूस चुकतो तो दरवेळी वेगळा चुकतो. एकसारखं यंत्रच चुकतं. चौथ्या घराची जिभली पाहा एकदा."

"माया मशीनमध्ये फॉल्ट नाही, बाई. मी सोता साफ केलं ते."

उघडून पाहायला दहा मिनिटं लागली असती. पण विभागातल्या तिघी ऐकत होत्या, आणि काल आलेल्या मुलीनं मला माझं मशीन शिकवावं हे मला सहन झालं नाही. दुपारी साहेबांनी माझा रिपोर्ट मागितला. मी माझ्या हातानं लिहिला, कोणाकडून लिहून घेतला नाही. 'यंत्र तपासले. दोष नाही.' खाली सही. सही मी घोटून घोटून बसवलेली होती, 'देवराव'च्या व-ची शेपटी खाली नेऊन वर आणायची. बाईंना मेमो मिळाला, कामात निष्काळजीपणा. त्यांची नोकरी कच्ची होती. पक्की व्हायला एक वर्ष जास्त लागलं, मागून आलेल्या दोघी यादीत पुढं गेल्या आणि त्या शेवटपर्यंत पुढंच राहिल्या.

साहेबांनी माझा रिपोर्ट बाईंना दाखवला तेव्हा मी तिथंच उभा होतो. त्यांनी तो वाचला. वर पाहिलं नाही. म्हणाल्या, "सही छान आहे तुमची, देवराव."

त्या रविवारी मी कचेरीची किल्ली घेऊन एकटाच गेलो आणि मशीन उघडलं. चौथ्या घराची जिभली पिवळ्या डिंकात रुतली होती. मी मशीन तसंच उघडं टाकून बाहेर पायरीवर येऊन बसलो... मग आत जाऊन घासलेटनं धुतलं, पुसलं, शेजारच्या शिंप्याकडून शिलाई मशीनचं तेल आणून घातलं. सोमवारी बाईंनी हँडल फिरवलं. फेरा एकदम हलका. त्यांनी बोट आत घालून पाहिलं, कोपऱ्यात राहिलेला डिंक लागलेलं बोट नाकाशी नेलं, आणि रुमालाला पुसलं. मी ते पाहिलं. आणि न पाहिल्यासारखं केलं.

साहेबांच्या खोलीचं दार माझ्या स्टुलापासून वीस पावलं होतं. ती वीस पावलं मी चाललो नाही.

दुसरी कोणी असती तर माझ्याशी बोलणं टाकलं असतं. बाईंनी मला शिकवलं. कसं शिकवलं म्हणाल तर विचारून. प्रत्येक वेळी मशीन उघडलं की स्टूल ओढणार आणि विचारणार, हे काहून असं? हे इकडून काहून नाही? महालातल्या बाईच्या तोंडून 'काहून' ऐकून मला हसू यायचं. त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मला विचार करावा लागायचा, आणि विचार करायची मला सवय लागली. मला वाटायचं मीच त्यांना शिकवून राहिलो.

पुढं विजेवरची मशीनं आली आणि आमची चारही भंगारात निघाली. बाईंनी लिलावात आपलं घेतलं. मी ते सायकलच्या कॅरिअरवर ट्यूबनं बांधून प्रतापनगरला बाईंच्या नव्या घरापर्यंत पायी नेलं, बाई बाजूनं चालत. वाटेत कोणीतरी विचारलं, "काय आहे गा हे?" मी म्हणालो, "म्हातारी आहे, दवाखान्यात नेऊन राहिलो." बाई इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला.

रिटायर झाल्यावर त्यांनी या मशीनांचा इतिहास लिहायला घेतला. मराठीत कोणी लिहिलेला नाही म्हणाल्या. दर गुरुवारी मी जायचो. त्या इंग्रजी पुस्तकातून वाचून मराठीत सांगायच्या आणि चित्रं माझ्यासमोर ठेवायच्या. साडेतीनशेच्या वर वर्षं झाली, फ्रान्समधल्या एका तरुणानं चाकांची पेटी केली होती. तिच्यात हातचा द्यायला एक वजन हळूहळू वर उचललं जायचं आणि नवाचं शून्य झालं की धपकन पडायचं. मी चित्र पाहिलं आणि म्हणालो, "बाई, हे मशीन उलटं नाही फिरणार. वजन खाली पडते, वरते कसं पडन?" त्यांनी पान उलटलं. तिथं तेच लिहिलं होतं, वजाबाकीला त्यानं दुसरीच युक्ती लावली होती. बाईंनी पुस्तक मिटलं, उठल्या आणि माझ्यासाठी पुन्हा चहा टाकला. वहीत त्यांनी लिहिलं, 'हे देवरावांनी चित्रावरून ओळखले.'

त्यानंतरचा एक जर्मन विद्वान होता. त्याचं मशीन गुणाकारही करायचं. ते मशीन कितीतरी वर्षं एका विद्यापीठाच्या माळ्यावर धूळ खात पडलं होतं. सापडलं कोणाला? छप्पर दुरुस्त करायला चढलेल्या माणसांना. प्राध्यापकांना नाही. हे मी बाईंना तीनदा वाचायला लावलं. त्या मशीनच्या चित्रात वरच्या बाजूला पाचकोनी चकत्या होत्या आणि त्या कशाला, हे बाईंना उमगत नव्हतं. पुस्तकातलं इंग्रजीही तिथं गुंतलेलं. मी चित्र घरी आणलं. आठ दिवस डोकं खाजवलं, मग साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची चकती कापली, खिळ्यावर बसवली, फिरवली. पुढच्या गुरुवारी दाखवायला नेली. "हे पाहा बाई. सपाट बाजू वर आहे, म्हणजे सगळं बराबर. हातचा अर्ध्यात अडकला का कोपरा वर निघते. मंग माणसानं बोटानं ढकलायचा."

बाईंनी बोटानं कोपरा ढकलला. पुन्हा वर काढला, पुन्हा ढकलला. "म्हणजे देवराव, त्याचा हातचा खरंच हातानं द्यावा लागायचा!" आम्ही दोघं म्हातारे त्या पुठ्ठ्याशी लहान पोरांसारखे खेळलो. मग त्या थांबल्या आणि खिडकीकडं पाहत म्हणाल्या, "मला हा माणूस आवडला. याचं मशीन अडकतं, पण अडकल्याचं लपवत नाही. कोपरा वर करून सांगतं."

मी चहाचा कप उचलला. रिकामा होता तरी तोंडाला लावला.

शाळांतून आम्हाला बोलावणी यायची. बाई बोलायच्या, मी हँडल फिरवायचो. शेवटी नेहमी एक खेळ. सगळ्या घरांत नऊ लावायचे आणि त्यात एक मिळवायचा. एकाच फेऱ्यात टक-टक-टक-टक करत सगळे नऊ शून्य होत जायचे आणि डावीकडं एक उभा राहायचा. मुलं टाळ्या वाजवायची. बाई सांगायच्या, "हे देवराव, माझे गुरुजी." चौथी नापास माणसाला, शाळेत, मास्तरांसमोर! त्या दिवसांसाठी मी त्यांचा किती ऋणी आहे ते मला लिहिता येत नाही. आणि मग त्या न चुकता म्हणायच्या, "अशा मशीनला तेल फक्त शिलाई मशीनचं. दुसरं कुठलंच नाही. हो ना, गुरुजी?" मी म्हणायचो, हो. दरवेळी.

दिवाळीच्या आधी त्या मला चटणीची बरणी द्यायच्या. जवसाची. मला वाटायचं, खेड्यातला माणूस, जवस आवडत असेल असं त्यांना वाटतं. मला जवसाची चटणी तितकी आवडत नाही. पण घरी न्यायचो.

शेवटची भेट त्या जायच्या नऊ दिवस आधी. खाटेवर होत्या, मशीन खिडकीशी टेबलावर. म्हणाल्या, "देवराव, नऊ-नऊ करा." मी खटके लावले, हँडल फिरवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "एकही चुकला नाही..." मग डोळे न उघडताच विचारलं, "तुमचं काही सांगायचं राहिलं का?"

वीस पावलंही नव्हती. खाटेची कड माझ्या गुडघ्याला लागत होती. मी म्हणालो, "काही नाही बाई. तुम्ही आराम करा." त्या म्हणाल्या, "बरं." आणि माझ्या हातावर हात ठेवला. ते 'बरं' रागाचं नव्हतं, एवढं मी खात्रीनं सांगतो.

तेरावा झाल्यावर नीलिमानं बोलावलं. मशीन तिनं जुन्या चादरीत बांधून ठेवलं होतं. "आत्यानं सांगून ठेवलं होतं, हे देवरावांचं." वर इतिहासाची वही, आणि एक बरणी. "ही तिनं शेवटची करून घेतली. मी भाजत होते, ती खाटेवरून सांगत होती. काका, एक विचारू? दरवर्षी जवसाचीच का? मी म्हणायचे, तिळाची कर, दाण्याची कर. तर म्हणायची, नाही गं, देवरावांना जवसाचीच. त्यांना कळेल."

मी मशीन मांडीवर घेऊन ऑटोत बसलो. ऑटोवाल्यानं दोनदा विचारलं कुठं जायचं, मी दोनदा प्रतापनगर सांगितलं. तो म्हणाला, "बाबाजी, प्रतापनगरमध्येच उभे आहो आपण."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी कागद घेतला. लिहिलं, 'यंत्र तपासले. दोष होता. चौथ्या घराचा हातचा जवसाच्या तेलाने अडकत होता. तेल मी घातले होते. कुमुदबाईंची चूक नव्हती. आधीचा रिपोर्ट खोटा समजावा.' आणि बस धरून कचेरीत गेलो. आमच्या विभागाच्या खोलीत आता खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. टपाल घेणारी मुलगी होती, तिनं कागद वाचला.

"काका, हे कधीचं आहे?"

"बहात्तर सालचं."

"त्या फाइली तं केव्हाच्या रद्दीत गेल्या असतीन. आता याचं काय करू मी?"

"आवक नंबर दे."

"आणि मंग?"

"मंग काही नाही. नंबर दे, शिक्का मार, एक प्रत मले दे. मी काही जात नाही इथून."

ती हसली. मग माझ्याकडं पाहिलं आणि हसायची थांबली. रजिस्टर उघडून तिनं विचारलं, "विषय काय लिहू काका?"

"लिही. यंत्रात दोष होता."

तिनं लिहिलं. सही करायची राहिली होती, ती तिच्यासमोर केली. व-ची शेपटी खाली गेली ती वर आलीच नाही. शिक्का मारलेली प्रत घडी करून खिशात घातली आणि घरी आलो. सूनबाईला म्हणालो, भाकर टाक. ती प्रत मशीनखाली सरकवली, बाईंची बरणी उघडली, आणि जवसाची चटणी घेऊन जेवायला बसलो. दोनदा मागून घेतली.